पडद्यावरच्या बाईला कुणी वेडी म्हटलं नाही

सिनेमातलं न कळणारं दृश्य समजावून सांगणारा माणूस दिसला की आजही माझं डोकं फिरतं. त्याचा हात हवेत फिरत असतो, "इथं दिग्दर्शकाला असं म्हणायचंय" हे वाक्य तोंडून निघालेलं असतं आणि समोरची मंडळी माना डोलावत असतात. उठून विचारावंसं वाटतं, बाबा रे, हे तुला कुणी सांगितलं? मी विचारत नाही. लातुरात काही वर्षं तो माणूस मीच होतो, आणि माझ्या त्या समजावून सांगण्यातून माझ्या बहिणीचं जे झालं ते मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेलं नाही.

भूकंपानंतरच्या सात-आठ वर्षांत लातूर ओळखू येईनासं झालं. किल्लारीकडच्या गावांचे दगडमातीचे ढीग अजून पुरते उचलले नव्हते, आणि इकडे शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. शिरूर अनंतपाळ, जळकोट, देगलूर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. त्यांना राहायला जागा लागायची, म्हणून ज्याच्या घरावर गच्ची होती तो गच्चीवर खोल्या चढवायचा. ज्या लोकांनी वर्षभर छताखाली झोपायला नकार दिला होता, तेच आता मजल्यावर मजले घेत होते. ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. धडा संपला की आमच्याकडे डाउट सेशन असायचं. मुलांनी शंका चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची, आणि सरांनी एकेक काढून फळ्यावर सोडवून दाखवायची. "माहीत नाही" हे उत्तर आमच्या धंद्यात चालत नसे. जो सर "बघून सांगतो" म्हणाला, त्याची मुलं पुढच्या वर्षी शेजारच्या क्लासात दिसायची. म्हणून आम्ही उत्तर द्यायला शिकलो. प्रश्न नीट ऐकायच्या आधी द्यायला शिकलो.

आमच्यातल्याच काही जणांनी सिनेमाचं मंडळ काढलं होतं. कॉलेजातले एक इंग्रजीचे प्राध्यापक अध्यक्ष, स्वतःचं हॉस्पिटल असलेले एक डॉक्टर चिटणीस, बाकी आम्ही क्लासवाले, बँकवाले, त्यांच्या बायका. महिन्यातून एका रविवारी दुपारी आमच्याच क्लासच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळी चादर लावून परदेशी सिनेमा दाखवायचा. आणि सिनेमा संपला की तोच स्टीलचा डबा फिरायचा. त्याच चिठ्ठ्या, तोच फळा, फळ्यापुढं मी. सिनेमाचं डाउट सेशन! दुसऱ्या कुठल्या गावात असला प्रकार झाला असेल असं मला वाटत नाही. आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं, उलट अभिमान होता. पुण्याचे लोक नुसती चर्चा करतात, आम्ही शंकानिरसन करतो, असं प्राध्यापक सर म्हणायचे.

आता अक्काबद्दल. अक्का माझी मोठी बहीण. औसा तालुक्यातल्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. भूकंपात तिचं माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर खाली बसलं, त्यात भावजी गेले. मूलबाळ नव्हतं. अक्का दाराच्या चौकटीत अडकलेली सापडली, तिला दुपारी बाहेर काढलं. नंतर तिची बदली लातूरजवळच्या एका शाळेवर झाली आणि ती आमच्याकडे राहायला आली. स्लॅबखाली ती झोपायची नाही, म्हणून अंगणात तिला पत्र्याची खोली बांधून दिली. सकाळी डबा घेऊन शाळेत जायची, संध्याकाळी येऊन माझ्या पोरीचा अभ्यास घ्यायची, स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायची. फक्त काही गोष्टी ती करायची. रस्त्यावरून ट्रक गेला की बोलता बोलता उठायची, दारात जाऊन चौकटीला हात लावून उभी राहायची, मग परत येऊन वाक्य पुरं करायची. चपला बाहेर काढायची नाही, खाटेशेजारी ठेवायची, तोंडं दाराकडं. न्हाणीची कडी लावायची नाही. आणि झोपायच्या आधी खिडकीत तांब्या पालथा घालून त्यावर फुलपात्र, फुलपात्रावर वाटी, वाटीवर चमचा, अशी उतरंड रचायची.

ह्यातलं तिनं स्वतः काढलेलं काही नव्हतं. भूकंपानंतरच्या महिन्यांत अख्खं लातूर उतरंड रचून झोपत होतं. जमीन जरा हलली की चमचा वाजायचा आणि माणसं बाहेर पळायची. डॉक्टरांच्या घरी रचायचे, प्राध्यापकांच्या घरी रचायचे, मीही रचलेली आहे. फरक एवढाच, की बाकीच्यांनी थांबवलं आणि अक्कानं थांबवलं नाही.

मलाही गच्चीवर खोल्या चढवायच्या होत्या. वर जायचा जिना अंगणातून काढायचा, आणि कंत्राटदारानं बोट ठेवलं ती जागा नेमकी अक्काच्या खोलीची होती. आमचे थोरले दादा नांदेडला असतात. त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मी त्यांना फोन केला, ते म्हणाले, "पाठव की. लिफ्ट हाय हितं." जी बाई एका स्लॅबखाली झोपत नाही तिला चार स्लॅबांच्या मधे ठेवायचं आम्ही दोघा शिकलेल्या भावांनी फोनवर ठरवलं, आणि ते ठरवताना आमच्यापैकी एकाचीही जीभ अडखळली नाही.

पण धडधाकट, पगारदार बहिणीला जिन्यासाठी घराबाहेर काढलं तर लोक काय म्हणतील? त्यावर मी उपाय काढला. मी लोकांना सांगायला लागलो, की अक्काच्या डोक्यावर परिणाम झालाय. आधी बायकोला, मग दादांना, मग डॉक्टरांना. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्याही कानावर घातलं, बदलीचं काम लवकर होईल म्हणून. उदाहरणं तयार होतीच. चपला, कडी, भांडी. "अजून भांडी रचती हो," असं मी खालच्या आवाजात सांगायचो आणि ऐकणारा च्-च् करायचा. वेड्या बहिणीला थोरल्या भावाकडे उपचाराला पाठवणारा भाऊ वाईट दिसत नाही. चांगलाच दिसतो.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मुंबईहून एका जपानी सिनेमाची सीडी आणली. फार गूढ सिनेमा आहे, भल्याभल्यांना कळलेला नाही, असं त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मला तयारीसाठी त्यांनी आधी घरी बोलावलं.

सिनेमात समुद्राकाठचं एक गाव आहे. एक बाई बोचकं घेऊन भावाच्या घरी राहायला येते. ती कुठून आली, का आली, कुणी सांगत नाही. गोष्ट म्हणावी तर एवढीच. पण मधेमधे ती विचित्र वागते. चहाच्या वाट्या पालथ्या घालून एकीवर एक रचते आणि टोकावर एक खडा ठेवते. लग्नाच्या बोलणीत सगळे बसलेले असताना बाहेरून लाकडांची गाडी जाते, तशी ती उठून दारात उभी राहते आणि पाहुणे अवघडून बसतात. बादलीतल्या पाण्याकडं कितीतरी वेळ टक लावून बघते, कॅमेराही नुसता पाण्याकडं बघत बसतो. आणि एकदा ती आपली खडावांसारखी पादत्राणं अंथरुणापाशी ठेवते, तोंडं बाहेरच्या बाजूला.

तिथं मला कळलं. सगळं कळलं. आणखी पाहायची गरजच नव्हती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "डीप हाय. लई डीप."

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, डॉक्टर, ही बाई भूकंपातून आलेली आहे. पण ते म्हणालो असतो तर पुढचं वाक्य आपोआप आलं असतं: माझी अक्काही हेच करते. आणि मग तिच्या डोक्यावर परिणाम झालाय हे मी गावभर सांगितलेलं कुठं ठेवायचं? जिना कुठून काढायचा? मी गप्प बसलो. घरी येऊन वही काढली आणि प्रत्येक दृश्याला अर्थ शोधायला बसलो. खरं उत्तर खिशात असताना मी खोटी उत्तरं रचली, आणि सांगायला लाज वाटते, त्यात मला मजाही आली.

रविवारी सकाळी अक्का म्हणाली, "मी येऊ का रे आज? तुझ्या पोरीनं लई कौतुक सांगितलं. काका-मामा टाळ्या वाजवतेत म्हणं तुला."

"तुला कंटाळा येईल अक्का. जपानी हाय."

"खाली इंग्रजी अक्षरं असतेत की. मी काय अंगठेबहाद्दर हाय का?"

ती आली. नेहमीप्रमाणे दारालगतच्या खुर्चीवर बसली. मी सिनेमाभर तिच्याकडं बघायचं टाळलं.

दिवे लागले तसा हॉल कुजबुजायला लागला. आमचे गणिताचे सर मोठ्यानं म्हणाले, "त्या बाईला भांडी घासायचा कंटाळा दिसतो बुवा!" हशा झाला. बँकेतले एक साहेब म्हणाले, "तसं न्हाई, जपानमधी जागा कमी. म्हणून एकावर एक ठेवत्यात." पुन्हा हशा. प्राध्यापक सर हात वर करून म्हणाले, "मंडळी, मंडळी, थोडं वरच्या पातळीवर या." आणि डबा माझ्याकडे सरकवला.

ज्या हॉलमधल्या प्रत्येक माणसानं काही वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं तांब्यावर फुलपात्र रचलं होतं, त्या हॉलमधून एक माणूस उठून म्हणाला नाही, की अहो, हे तर आपणच करत होतो! हे मला आजही सहन होत नाही. कदाचित कुणाकुणाला आठवलंही असेल, आणि तेही माझ्यासारखेच चूप बसले असतील. जपानी सिनेमात काहीतरी भारी असणार, आपल्या स्वयंपाकघरातलं कसं असेल? आमच्या गावाला आपलं दुःख ओळखता आलं नाही, कारण ते परदेशी कपडे घालून आलं होतं, आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवायला जमलो होतो.

मी खडू घेतला. पालथ्या वाट्या म्हणजे शून्य, जगाकडून काही न घेण्याचा निर्धार. दार म्हणजे जन्म आणि मृत्यू यांच्यामधला उंबरठा. बादलीतलं पाणी म्हणजे मन. बाहेर तोंड केलेली पादत्राणं म्हणजे वैराग्य. मी प्रत्येक दृश्य फळ्यावर लिहिलं, पुढं बाण काढला, बाणापुढं अर्थ लिहिला. काही लोक उतरवून घेत होते.

शेवटची चिठ्ठी निघाली. "ही बाई वेडी आहे का?"

लोक हसले. मी हसलो नाही. मी खडू खाली ठेवला आणि त्या एका चिठ्ठीवर बराच वेळ बोललो. म्हणालो, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा पर्याय आहे. परीक्षेत तो मुद्दाम ठेवतात, घाईतल्या मुलांनी फसावं म्हणून. जी व्यक्ती आपल्याला कळत नाही तिला वेडी म्हणणं हा आळस आहे. तिच्या प्रत्येक कृतीला कारण आहे. ते आपल्याला दिसत नसेल तर दोष आपल्या नजरेचा आहे. तिच्या भावानं तिला काही न विचारता घरात जागा दिली, ह्यातच ह्या सिनेमाचं मोठेपण आहे.

हे मी बोललो. ह्याच तोंडानं. टाळ्या थांबेनात. डॉक्टर येऊन हात दाबून म्हणाले, "सर, असं सांगणारा पुण्यात न्हाई सापडायचा." ह्याच डॉक्टरांना मी आठवड्याभरापूर्वी सांगितलं होतं, की अक्का अजून भांडी रचती. त्यांनी तेव्हा झोपेच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं होतं.

घरी आम्ही चालत निघालो. अक्का कधी नव्हे ती खुशीत होती. औसा रोडवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं थांबली, मला रस पाजला. मग म्हणाली, "लई बरं वाटलं रे आज."

"सिनेमा आवडला?"

"सिनेमा काय, त्यात नवं काय हाय." ती हसली. "ते उंबरठा न् वैराग्य मला काय पटलं न्हाई. लोकांपुढं सरळ बोलायची लाज वाटली तुला, म्हणून फिरवून बोललास. पण शेवटी बोललास ना. त्या बाईला तू येडी म्हणू दिलं न्हाईस."

मी ग्लास ठेवून चालायला लागलो.

"मला वाटायचं, तू पण बाकीच्यांसारखाच म्हणत असशील माघारी. तुझी बायको परवा कुणाला तरी सांगत होती, ते आलं होतं कानावर. आज कळलं, तू माझ्याबद्दलच बोलत होतास." मग म्हणाली, "जिना मागून काढता येईल का रे? बोरिंगच्या बाजूनं? मी बघितलंय, जागा हाय तिथं."

ती विचारत होती, आणि बोरिंगच्या बाजूनं जिना निघत होता हे मलाही माहीत होतं. तिकडून केला तर वर एक खोली कमी निघत होती, एवढंच.

मी म्हणालो, "अक्का, कंत्राटदार उद्या येतोय. तुझं नांदेडचं ठरलंय दादांशी."

ती चालायची थांबली नाही. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "म्हंजे ते सिनेमाबद्दलच होतं."

"व्हय," मी म्हणालो. "सिनेमाबद्दलच होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली आणि स्वतःच पत्र्याच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. नांदेडच्या एसटीत मी तिला बसवायला गेलो तर म्हणाली, "जा तू, क्लासला उशीर होईल."

दादांच्या फ्लॅटमध्ये ती फार दिवस राहिली नाही. नांदेडला बदली झाली तशी तिनं गावाच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि एकटी राहायला लागली. पण मी पेरलेलं तिच्या आधी तिथं पोचलं होतं. इकडच्या मुख्याध्यापकांनी तिकडच्यांना काळजीनंच सांगितलं असणार, बाईंना जरा सांभाळून घ्या. तिकडच्यांनी सांभाळून घेतलं. तिला वर्गच दिला नाही. भाषा शिकवण्यात तालुक्यात नाव असलेल्या शिक्षिकेला त्यांनी खिचडीचे तांदूळ मोजायला आणि हजेऱ्या उतरवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिला फक्त कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी उभं राहायला मिळायचं. नातेवाइकांत तर तिचं नावच पडलं, "ती नांदेडची, भूकंपातली." लग्नकार्यात पोरांना तिच्याजवळ बसू द्यायचे नाहीत. आणि ह्या सगळ्या काळात मी लातुरात, माझ्या वाढीव मजल्याखाली बसून, लोकांना सिनेमे समजावून सांगत होतो.

मागच्या वर्षी मी नांदेडला गेलो. तिच्यासमोर बसून सांगितलं, की अक्का, मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं होतं. ती बाई कोण, ते. कळून मी खोटं सांगितलं. शाळेतही मीच सांगितलं होतं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. म्हणाली, "शाळेतलं ठाऊक होतं. सिनेमाचं ठाऊक नव्हतं. मला वाटलं तुला खरंच कळलं न्हाई. तू मुळात जरा मंदच, असं समजून मी इतकी वर्षं काढली." मग वर बघून म्हणाली, "मला कशाला सांगतोस? खोटं काय एकट्या माझ्यापुढं बोलला होतास का? ज्यांच्याम्होरं बोललास त्यांना जाऊन सांग."

तिचं बरोबर होतं. प्राध्यापक सरांच्या सत्काराला जुनं मंडळ जमलं, तेव्हा मी माईक मागून घेतला. तो सिनेमा, ते डाउट सेशन, मी दिलेली उत्तरं, खरं उत्तर, आणि माझी अक्का, सगळं सांगितलं. मी संपवलं तसे गणिताचे सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे! भूकंप! इतकं सोपं होतं होय ते?"

आणि हॉल खुलला. हो की, बादलीतलं पाणी हलतंय का बघत होती ती! हो की, खडा पडला की आवाज होणार! डॉक्टर आता थकलेत, पण तेही सरसावून बसले, "म्हणजे दाराचं पण तेच. चौकट मजबूत असते ना." बँकेतले साहेब म्हणाले, "सर, तेव्हाच सांगायचं हो, आम्ही इतकी वर्षं वैराग्य-वैराग्य करत बसलो." सगळ्यांना आनंद झाला होता. अडलेलं गणित सुटल्यासारखा. प्राध्यापक सरांनी समारोपात माझ्या प्रांजळपणाचं कौतुक केलं आणि म्हणाले, कलाकृतीचा अर्थ कालांतरानं असा उलगडत जातो. मग जेवणं झाली.

अक्का कशी आहे, कुठं असते, हे एकानंही विचारलं नाही.

मी बाहेर येऊन तिला फोन लावला. "सांगितलं," म्हणालो.

"काय म्हणले?"

"उत्तर बरोबर हाय म्हणले."

पलीकडं ती हसली की खोकली ते कळलं नाही. "आन माझं?"

"न्हाई. तुझं कुणी काही विचारलं न्हाई."

"मग पुन्हा सांग," ती म्हणाली. "आन ह्या टायमाला सिनेमा काढून सांग. तो असला की लोक त्याच्याकडंच बघत बसतेत."

तिनं फोन ठेवला. म्हणून सिनेमा काढून सांगतो. माझी बहीण शिक्षिका होती. भूकंपात तिचा नवरा गेला, घर गेलं. ती वेडी झाली नव्हती, तिला भीती वाटायची, आणि त्या भीतीला आमच्या अंगणातली एक पत्र्याची खोली पुरत होती. ती खोली मी पाडली. पाडता यावी म्हणून तिला वेडी ठरवलं, आणि त्यापायी तिचा वर्ग गेला. हे ज्यांनी माझ्याकडून ऐकून पुढं सांगितलं त्यांनी ते परत घ्यावं. तिचा पत्ता हवा असेल तर मला विचारा.